बोलता येत नाही तिला विचारायचं कसं?

आज चित्रांविषयी बोलायचं आहे, आणि तेही रेडिओवर. चित्र काही मला इथून दाखवता येणार नाही. तेव्हा मी सांगेन तसं तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. हातातलं काम थांबवू नका, शेंगा निवडता निवडता ऐकता येईल असाच विषय आहे.

आपल्या प्रत्येक गावात एखादी तरी बाई अशी असते, जिला अर्धांगवायू झाला आणि बोलणं गेलं. आपण त्याला लकवा म्हणतो, पॅरालिसिस म्हणतो. तिला दवाखान्यात नेलं की डॉक्टर विचारतात, "काय त्रास होतो?" उत्तर मुलगा देतो. "जेवण जातं का?" सून सांगते. "झोप?" मालक सांगतात. सगळे तिच्या काळजीनेच बोलत असतात, त्यात खोट नाही. पण अर्धा तास तिच्याविषयी बोलणं होतं आणि ती मधे खुर्चीत बसून एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहते. तिला स्वतःला काय हवं आहे, हे कुणी विचारत नाही. विचारून ती बोलणार कुठे, असं सगळ्यांना वाटतं.

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकते किंवा ती नळी फुटते, तेव्हा अर्धांगवायू होतो. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, आणि बहुतेक माणसांची भाषाही त्या डाव्या भागात असते. म्हणून उजवा हात-पाय लुळा पडला की पुष्कळदा बोलणंही जातं. याला वाचाघात म्हणतात. जीभ जड होऊन उच्चार बोबडा होतो तो प्रकार वेगळा. वाचाघातात शब्दच सापडत नाही. "पाणी" म्हणायचं असतं आणि तोंडून "दार" निघतं. "हो"च्या जागी "नाही" येतं. काहीजणींच्या तोंडून एकच शब्द पुन्हा पुन्हा येत राहतो. आणि तीच बाई घरात आरती सुरू झाली की दोन ओळी सुरात म्हणून जाते, एक ते दहा आकडे म्हणते, राग आला तर शिवी स्वच्छ देते. मग घरच्यांना शंका येते की ही सोंग करते. मैत्रिणींनो, ते सोंग नसतं. पाठ होऊन बसलेलं बोलणं आणि नवं वाक्य जुळवणं यांच्या मेंदूतल्या वाटा वेगळ्या आहेत. बोललेलं कितपत कळतं, हे प्रत्येकीचं वेगळं असतं. पण बोलता येत नाही म्हणजे काही कळत नाही, असं धरून तिच्यासमोर वाटेल ते बोलू नका.

विषयाला सोडून एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती सांगायची कोणतीही संधी मी सोडत नाही. चेहरा एकदम वाकडा झाला, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ला फोन करा. गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. तेल चोळत, कुणाला बोलवू याचा विचार करत बसलात तर ते तास निघून जातात.

आता दवाखान्यानंतरचं. फिजिओथेरपी हा शब्द आता आपल्या ओळखीचा झाला आहे. तिच्या शेजारची आणखी एक विद्या आहे, ऑक्युपेशनल थेरपी. मराठीत तिला व्यवसायोपचार म्हणतात. त्या शब्दाने जरा घोटाळाच होतो, धंदा काढून देणारी योजना असावी असं वाटतं. इथे व्यवसाय म्हणजे माणसाचा दिवस ज्या ज्या कामांनी भरलेला असतो ती सगळी कामं. अंघोळ, वेणीफणी, साडी नेसणं, शेरडाला पाला टाकणं, बाजार, भजन, नातवाला मांडीवर घेणं, सगळं त्यात आलं. आजारपणाने यातलं जे हातचं गेलं ते परत कसं करता येईल, नाहीतर दुसऱ्या रीतीने कसं करता येईल, हे ही मंडळी बघतात. दवाखान्यात त्यांना थोडक्यात "ओटी" म्हणतात. आमच्या गटात "ओटीच्या मॅडम येणार आहेत" असं सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, "कुणाची ओटी भरायचीय?" दुसरीला ऑपरेशन थिएटर आठवलं.

या विद्येची आणि आपल्या भागाची ओळख जुनी आहे. फलटणला कमला निंबकर बालभवन ही शाळा तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली असेल. ज्यांचं नाव त्या शाळेला आहे, त्या कमलाबाई जन्माने अमेरिकन, लग्न करून इथल्या झाल्या. त्यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपी शिकवणारी देशातली पहिली शाळा सुरू केली. इतकी वर्षं झाली तरी खेड्यातल्या बाईपर्यंत हे नाव पोचलेलं नाही, याचं मला नवल वाटतं.

ओटीच्या मॅडम काम सुरू करण्याआधी मुलाखत घेतात. ही मुलाखत नोकरीसारखी नसते, त्यात पास-नापास नाही. पूर्वी ती अशी असायची की तज्ज्ञ तपासणार, काय शिकवायचं ते तज्ज्ञच ठरवणार आणि रुग्णाने ते करायचं. कॅनडातल्या ओटी मंडळींनी १९८३ साली मार्गदर्शिका काढून सांगितलं की उपचाराच्या केंद्रस्थानी ती व्यक्ती असली पाहिजे. तिला काय महत्त्वाचं वाटतं इथून सुरुवात करायची. पुढे १९९१मध्ये त्यांनी त्यासाठी मुलाखतीची एक पद्धतच बांधून दिली. तिचं नाव लांबलचक आहे, कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर, म्हणून सगळे नुसतं सी.ओ.पी.एम. म्हणतात. आज ती जगभर वापरली जाते. तिचं काम सोपं आहे. स्वतःची निगा, कामधंदा आणि विरंगुळा, या तीन बाजूंनी दिवसभरात काय काय अडतं ते त्या व्यक्तीला विचारायचं. जे जे अडतं ते तिला किती महत्त्वाचं आहे, याचे एक ते दहा गुण तिनेच द्यायचे. त्यातली जास्तीत जास्त पाच कामं निवडायची. मग प्रत्येक काम आज किती जमतं याला एक ते दहा, आणि त्यात ती किती समाधानी आहे यालाही एक ते दहा. उपचारानंतर हेच पुन्हा विचारायचं. दोन किंवा जास्त गुणांनी वाढ झाली तर फरक पडला, असं साधारण मानतात.

गुण द्यायचा हा प्रकार तुम्हाला अनोळखी नाही. गावातली कोणती अडचण आधी सोडवायची हे ठरवताना आपण जमिनीवर रांगोळीने चौकोन आखतो, पाण्याच्या चौकोनात हंडा ठेवतो, रस्त्याच्या चौकोनात खडी, रेशनच्या चौकोनात धान्य, आणि प्रत्येकीला दहा चिंचोके देऊन सांगतो, "मांडा." सरपंचांसमोर तोंड न उघडणारी बाईसुद्धा चिंचोके बरोबर मांडते. आज मी जे सांगते आहे त्याचं मूळ तुमच्या हाताला आधीच माहीत आहे.

सी.ओ.पी.एम.ची अडचण एकच. ती सगळी बोलण्यावर चालते. ज्या बाईचं बोलणंच गेलं तिच्यासाठी काय करायचं? इथे चित्रं येतात. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग विद्यापीठात जोन मर्फी या वाचा-भाषा उपचार करणाऱ्या बाईंनी १९९०नंतरच्या दशकात एक युक्ती बसवली. तिचं नाव टॉकिंग मॅट्स, म्हणजे बोलणाऱ्या चटया. समोर एक छोटी चटई. तिच्या वरच्या कडेला तीन चित्रं: एका टोकाला "हवं", मधे "सांगता येत नाही", दुसऱ्या टोकाला "नको". मग एकेक चित्र हातात द्यायचं आणि विचारायचं, "याचं काय?" ती व्यक्ती ते चित्र त्या तिन्हींपैकी कुणाखाली तरी ठेवते. नुसत्या नजरेने दाखवलं तरी चालतं. शेवटी सगळी चटई एकदम दिसते आणि तिचं मन तिच्यावर मांडलेलं असतं. वाचाघात झालेल्यांसाठी, विसरभोळेपणाचा आजार झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी ही पद्धत वापरतात. ओटीची मुलाखत घेतानाही तिचा उपयोग होतो: आधी चटईवर मांडणी, मग जे अडतं पण हवं आहे त्याला गुण.

आमच्या तालुक्याच्या शिबिरात येणाऱ्या ओटी मॅडमकडे अशी कार्डं होती, पण ती परदेशी छापाची. त्यात बाथटब होता, काटे-चमचे होते, कुत्र्याला फिरायला नेणारी बाई होती. मॅडमच हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या गटाने मला इथली कार्डं करून द्याल का?" दोन गटांतल्या बायकांनी मिळून ती केली. कशी केली ते सविस्तर सांगते, कारण तुम्हालाही करता येतील.

आधी बायकांना एकच विचारलं: पहाटे उठल्यापासून निजेपर्यंत तू काय काय करतेस? यादी सत्तरच्या वर गेली. चूल पेटवणं, भाकरी थापणं, विळीवर चिरणं, हंडा उचलणं, धुणं, गोठा, धार काढणं, खुरपणं, कुंकू लावणं, मंगळसूत्र घालणं, मोबाइलवर फोन घेणं, एसटीत चढणं, देवळात जाणं, गटाच्या मीटिंगला येणं, पासबुकावर सही करणं. सत्तर कार्डं कुणापुढेही टाकायची नसतात. एका बैठकीत दहा-पंधरा पुरे. पण निवडायला साठा पाहिजे.

मग फोटो काढले, मोबाइलवरच. काढलेल्या चित्रापेक्षा फोटो बरा, आणि दुसऱ्याच्या चुलीपेक्षा तिच्याच चुलीचा फोटो आणखी बरा. फोटोत एकच काम दिसलं पाहिजे. मागे दोरीवरचे कपडे, भिंतीवरचं कॅलेंडर, डोकावणारं पोर, हे नको. आम्ही मागे पांढरं धोतर धरलं. नेपाळमध्ये १९७६ साली युनिसेफच्या मदतीने खेड्यांमध्ये लोकांना निरनिराळी चित्रं दाखवून पाहणी झाली होती. तिथे असं दिसलं की चित्राची सवय नसलेलं माणूस चित्रात जे आहे तेवढंच अक्षरशः बघतं. बाण, फुली, प्रतीकं त्याला आपोआप कळत नाहीत, आणि मागची गर्दी काढून टाकली की चित्र ओळखायला सोपं जातं. हे आम्हालाही लगेच पटलं. मॅडमच्या कार्डात "नको" यासाठी रडका चेहरा होता. आमच्या एका आजींना तो दाखवला तर त्या म्हणाल्या, "या बाईचं कुणीतरी गेलंय वाटतं." मग आम्ही "हवं"साठी जवळ बोलावणाऱ्या हाताचा फोटो घेतला, "नको"साठी आडव्या हाताचा, आणि मधल्यासाठी "काय की बाई" म्हणताना आपण दोन्ही तळवे वर करतो ना, त्याचा.

फोटो तालुक्याच्या स्टुडिओत तळहाताएवढे छापून घेतले. चिकटवायला पुठ्ठा विकत आणायची गरज पडली नाही, लग्नपत्रिकांचे जाड कागद घरोघरी होते. वरून रुंद चिकटपट्टी लावली की ओला हात लागला तरी बिघडत नाही. चटई म्हणून एकरंगी घोंगडीचा तुकडा घेतला. तो सरकत नाही, आणि काळ्यावर कार्ड उठून दिसतं. नक्षीचं काही घेऊ नका, नजर नक्षीतच अडकते. आणि एक कार्ड अगदी कोरं ठेवा. त्याचा अर्थ "यात नाही ते, दुसरंच काहीतरी." हे कार्ड माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. का, ते पुढे येईलच.

आता एका मावशींची मुलाखत सांगते. त्यांच्या संमतीने सांगते आहे, नावगाव सांगणार नाही. पंचावन्नच्या आसपासच्या, आमच्याच एका गटातल्या. उजवी बाजू गेलेली, आणि तोंडून एकच शब्द यायचा, "बघ." जेवायला हवं असलं तरी "बघ", नको असलं तरी "बघ". सुरांत मात्र फरक असायचा.

मॅडमनी आधी जागा नीट केली. उजेड मावशींच्या पाठीकडून आणला, म्हणजे चिकटपट्टी चमकून डोळ्यांवर येत नाही. चष्मा कुठे आहे विचारलं. तो फळीवर होता, दोन महिने कुणी लावला नव्हता. या आजारात कधीकधी एका बाजूचं दिसत नाही किंवा त्या बाजूला लक्षच जात नाही, म्हणून घोंगडी थोडी डाव्या बाजूला, चांगल्या हाताजवळ अंथरली. घरच्यांना मावशींच्या मागे बसवलं. समोर बसले की त्या आधी त्यांची तोंडं बघतात आणि मग कार्ड ठेवतात.

मग मॅडमनी पारख केली. चहाचं कार्ड दिलं, ते "हवं"खाली गेलं. कडू काढ्याच्या बाटलीचं कार्ड दिलं, ते "नको"खाली गेलं. थोड्या वेळाने वरच्या चित्रांच्या जागा बदलून तेच पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं, म्हणजे मावशींना खेळ कळला होता, नुसतं एका बाजूला ठेवत नव्हत्या. ही पारख झाल्याशिवाय पुढच्या उत्तरांवर विसंबता येत नाही. ज्यांना कळत नाही त्यांच्याबरोबर कार्डं कमी करायची, खरी वस्तूच हातात द्यायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी बसायचं.

सुरुवात करण्याआधी मॅडमनी घरच्यांना विचारून घेतलं होतं. मुलगा म्हणाला, "आईला चालाय आलं पायजे, मग बाकीचं." मालक म्हणाले, "बोलाय यावं, दुसरं काय न्हाय." सूनबाई काही बोलल्या नाहीत.

चालण्याचं कार्ड मावशींनी बराच वेळ हातात धरलं आणि मधे ठेवलं. अंघोळ "हवं"खाली. धुणं "नको". मग भाकरीचं कार्ड आलं. आम्ही सगळ्याजणी खात्रीने बघत होतो, कारण त्यांच्या हातची भाकरी गावात नावाजलेली. मावशींनी कार्ड घेतलं आणि चांगलं जोराने "नको"खाली सरकवलं. मुलगा मागून पुढे आला, "असं कसं आई?" म्हणत ते कार्ड उचलायला लागला. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, हात मागे घ्या. कार्ड त्यांचं आहे." मावशी म्हणाल्या, "बघ!" पस्तीस वर्षं चुलीपुढे बसलेली बाई दुसरं काय म्हणणार? सूनबाईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की काय, मला दिसलं नाही.

साडीचं कार्ड आलं तेव्हा मात्र त्यांनी ते "हवं"खाली ठेवलं आणि वर हात दाबून धरला. आजारपण आल्यापासून सोयीसाठी त्यांना मॅक्सी घालत होते. मॅक्सीत त्या उंबऱ्याबाहेर पडत नव्हत्या, आणि घरच्यांची समजूत अशी की पायात बळ नाही म्हणून पडत नाहीत.

शेवटी मॅडमनी कोरं कार्ड दिलं. मावशींनी ते "हवं"खाली ठेवलं. आता ओळखायचं कसं? बाहेरचं की घरातलं, असं हाताने दाखवून विचारलं. घरातलं. माणूस की वस्तू? वस्तू. बराच वेळ गेला. मधे गप्प बसावं लागतं, ते फार अवघड असतं. आपल्याला लगेच "हे का? ते का?" करायची सवय. मॅडम मनात दहा आकडे मोजतात आणि मगच पुढचा प्रश्न विचारतात. मावशींनी डावा हात वर केला आणि हवेत मूठ फिरवली. एकदा, दोनदा. सूनबाईच पहिल्यांदा बोलल्या, "चावी. पेटीची चावी."

आतल्या खोलीत मावशींची पत्र्याची पेटी होती. तिच्यात त्यांचं पासबुक, थोडे पैसे आणि माहेरचं लुगडं. दवाखान्याच्या धावपळीत चावी मुलाने स्वतःकडे घेतली होती. "सांभाळून ठेवलीय," तो म्हणाला. त्याने खरंच सांभाळून ठेवली होती. पण मावशींना ती स्वतःच्या कमरेला हवी होती. दोन महिने त्या "बघ, बघ" करत आतल्या खोलीकडे हात करायच्या आणि घरचे त्यांना संडासला न्यायचे.

मग गुण. एक ते दहा आकडे मावशींना म्हणता येत होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. म्हणून दहा चिंचोके दिले. पेटी उघडण्यासाठी त्यांनी दहाच्या दहा मांडले. साडीला आठ, अंघोळीला सात. आज किती जमतं? पेटीला एक, साडीला एक. मॅडमनी वहीत ते जसंच्या तसं उतरवलं. घोंगडीचा फोटो काढायच्या आधी मावशींना विचारलं, "बदलायचं आहे काही?" त्यांनी चालण्याचं कार्ड मधून उचलून "हवं"च्या बाजूला थोडं सरकवलं, पूर्ण नाही. फोटोची एक प्रत घरात भिंतीला लावली.

पुढचं काम त्यावरून ठरलं. चावीच्या डोक्यावर जाड लाकडी मूठ बसवली, म्हणजे डाव्या हाताच्या पकडीत ती फिरत नाही. कुलूप अडकवून ठेवायला पेटीला हूक लावला, कारण एका हाताने कुलूप धरायचं आणि चावीही फिरवायची हे जमत नाही. पेटी आतल्या खोलीत, म्हणजे तिथवर जायला चालायचा सराव आलाच. तो मावशींनी कुरकुर न करता केला. साडीच्या निऱ्या गावातल्या शिंप्याकडून कायमच्या शिवून घेतल्या, कमरेला इलॅस्टिक लावलं. पदर मात्र सूनबाई लावून देतात. तीन महिन्यांनी पुन्हा चिंचोके मांडले तेव्हा पेटीला सात आले आणि साडीला पाच. बोलणं फारसं परतलं नाही, चार-पाच शब्द वाढले. हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल कार्डं दाखवली की जीभ सुटते. कार्डं फक्त विचारण्यासाठी असतात. उपचार काय करायचा ते शिकलेल्या माणसानेच ठरवायचं. आपण गटातल्या बायकांनी ओटी व्हायला जाऊ नये. कार्डं करून देणं, मुलाखतीच्या वेळी घरच्यांना चहा करायला स्वयंपाकघरात नेणं, ही आपली कामं, आणि शेवटचं काम वाटतं तेवढं लहान नाही.

कारण काही कार्डं सगळ्यांसमोर दाखवायची नसतात. संडास, मासिक पाळी, नवरा-बायकोचं नातं, पैसे, मारहाण, भीती. ही वेगळ्या पाकिटात ठेवा, आणि ती एकटी असेल तेव्हा, तिच्या विश्वासातल्या बाईनेच काढावीत. समजा तिने घरातल्या एखाद्या माणसाचा फोटो "नको"खाली ठेवला, तर चेहऱ्यावर काही दाखवू नका. "का गं?" असं तिथल्या तिथे विचारू नका. घोंगडी उचला, विषय बदला आणि नंतर एकांतात परत या. त्या चटईचा फोटो भिंतीला लावायचा नाही, मोबाइलवर कुणाला पाठवायचाही नाही. बोलता येणारी बाई मार खाल्ल्याचं सांगू शकते, तरी सांगत नाही. जिला बोलताच येत नाही तिचं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून मला ते वेगळं पाकीट फार गरजेचं वाटतं.

आणखी काही बारीक गोष्टी. एका वेळी एकच कार्ड द्या. "भाकरी की भात?" असं दोन्ही हात पुढे करून विचारलं की ती जवळचा हात निवडते. "तुम्हाला देवळात जायचंय ना?" असा प्रश्न नको, त्यात उत्तर आधीच आलं. "देवळात जाण्याचं काय?" एवढंच विचारा. बोलताना मोठ्याने ओरडू नका, कान शाबूत आहेत. लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलू नका, वयाने त्या मोठ्या आहेत, अहो-जाहोच करा. वीस मिनिटांपेक्षा जास्त ताणू नका. या आजारात मेंदू लवकर दमतो, आणि दमलेली बाई सगळी कार्डं एकाच बाजूला लावायला लागते. तसं दिसलं की थांबा.

आमच्या दोन्ही गटांनी मिळून केलेला कार्डांचा संच स्टीलच्या डब्यात फेडरेशनच्या ऑफिसात ठेवला आहे. घोंगडीचा तुकडा आणि चिंचोक्यांची पुरचुंडी त्यातच आहे. कुणाच्या घरी गरज असेल तर गटाच्या अध्यक्षांमार्फत निरोप द्या, वहीत नोंद करून पंधरा दिवसांसाठी डबा न्या. शिबिराला पेशंट घेऊन जाणार असाल तर आदल्या दिवशीच न्या, आणि तिच्या घरातल्या चार-पाच वस्तूंचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. चष्मा घ्यायला विसरू नका. डब्यातलं कोरं कार्ड मागच्या महिन्यात कुणीतरी रिकामं समजून त्यावर हिशेब लिहून पाठवलं आहे. मी नवीन करून ठेवलं आहे, त्यावर काही लिहू नका.